न्यायदेवतेच्या कविता आणि न्यायाधीशांची भरती

या अंकासाठी आलेल्या कवितांचा गठ्ठा संपादकाने माझ्या हातात दिला आणि म्हणाला, चाळणी लाव. रात्रपाळी करून आलो, झोपलो, दुपारी उठून वाचायला बसलो. तीन दिवस वाचलं. गठ्ठ्यात बापाच्या कविता होत्या, गावाच्या होत्या, पोलीस चौकीच्या होत्या. आणि न्यायदेवतेच्या कविता तर इतक्या होत्या की शेवटी पट्टी दिसली की मला डुलकी लागायची. तीच ती बाई. डोळ्यावर पट्टी, हातात तराजू, एक पारडं खाली. एक कवी तिची पट्टी फाडतो, दुसरा तिला बाजारात उभी करतो, तिसरा म्हणतो ती आंधळी नाहीच, झोपेचं सोंग घेऊन बसलीय.

यात माझी स्वतःची एक कविता धरा. दोन वर्षांपूर्वी याच अंकात छापून आली होती. टाळ्याही मिळाल्या होत्या. तेव्हा आज जी टीका करतोय तिची पहिली थप्पड माझ्याच गालावर.

दोस्तहो, ही प्रतिमा आता वापरून वापरून गुळगुळीत झालीय. आणि खुद्द कोर्टानेच ती आपल्या हातून काढून घेतली. 2024 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेचा नवा पुतळा दिसला. पट्टी काढलेली, तलवार गेलेली, हातात संविधान. झालं. आता आमचे कवी काय फाडणार? बाईचे डोळे उघडे झाले म्हणून खैरलांजीचा निकाल बदलला का? नाही. म्हंजे दुखणं पट्टीत नव्हतंच. आम्ही पंचाहत्तर वर्षं मूर्तीकडे बघत बसलो. त्या मूर्तीखाली खुर्चीवर जो हाडामांसाचा माणूस बसतो त्याला तिथे कोणी आणून बसवलं, कोणत्या दाराने आणलं, दार कोणाच्या हातात होतं, यावर गठ्ठ्यात एक ओळ नाही. एकसुद्धा नाही.

आणि मूर्ती बाईची. खुर्चीचं विचारा. सर्वोच्च न्यायालय 1950 साली सुरू झालं, पहिली बाई न्यायाधीश आली 1989 साली, फातिमा बीवी. एकोणचाळीस वर्षं दगडाची बाई चालली, जिवंत बाई चालली नाही. दलित बाई तर 2025 सालापर्यंत त्या खुर्चीवर बसलेली नाही.

हे सगळं डोक्यात यायला कारण घडलं आमच्या अभ्यासवर्गात. विहाराच्या मागच्या खोलीत दर रविवारी बसतो आपण. त्या रविवारी दोन पोरांची जुंपली. एक म्हणाला, "दादा, कॉलेजियम म्हंजे बामणांची भावकी. मोडलीच पाहिजे. बाबासाहेबांनीच सांगितलंय, सरन्यायाधीशाला एवढा अधिकार देऊ नका." दुसरा उसळला, "आणि मोडून कोणाच्या हातात देतोस? सरकारच्या? मग उद्या घटना वाचवायला कोण उभं राहणार? बाबासाहेबांनीच सांगितलंय, न्यायालय स्वतंत्र पाहिजे." दोघांच्याही तोंडी बाबासाहेब. दोघंही अर्धेच. मला विचारलं तेव्हा माझीही दातखीळ बसली. मी फक्त कविता लिहिली होती ना.

मग वाचायला लागलो. मी शाळा अर्धी सोडलेला माणूस, इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतो, वेळ लागतो. पण एक फायदा होतो. शब्दावर अडखळतो म्हणून शब्द दिसतो. शिकलेले लोक त्यावरून घसरून पुढे जातात.

24 मे 1949. घटनासभेत सर्वोच्च न्यायालयाच्या कलमावर चर्चा चालली होती. बी. पोकर साहेबांनी दुरुस्ती मांडली की न्यायाधीश नेमताना सरन्यायाधीशांची नुसती मसलत नको, संमती पाहिजे. बाबासाहेबांनी उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं माझ्या भाषेत सांगतो. न्यायालय सरकारपासून स्वतंत्र पाहिजे आणि कामाला लायकही पाहिजे, यावर वाद नाही. हे साधायचं कसं एवढाच प्रश्न. इंग्लंडात राजाच्या नावाने सरकार नेमतं, त्याला कसलाच लगाम नाही. ते आपल्याकडे धोक्याचं. अमेरिकेत सिनेटची संमती लागते. त्यात राजकारण घुसतं आणि गाडं जड होतं. म्हणून मधली वाट: राष्ट्रपतीने जाणत्या लोकांशी विचारविनिमय करून नेमावं. आणि सरन्यायाधीशाच्या संमतीचं काय? तर सरन्यायाधीश मोठा माणूस खरा, पण शेवटी माणूसच. चारचौघांचे दोष, भावना, पूर्वग्रह त्यालाही असतात. जो नकाराधिकार आपण राष्ट्रपतीला किंवा सरकारला द्यायला तयार नाही, तो एका सरन्यायाधीशाला देणं धोक्याचं.

आता सांगा, आमच्या त्या दोन पोरांपैकी कोण बरोबर? बाबासाहेबांनी दोन्ही दारांना कडी घातली होती. सरकारला मोकळं सोडू नका, आणि सरन्यायाधीशालाही मोकळं सोडू नका. आमच्या सभांमधून निम्मं वाक्य उचललं जातं. ज्याला कोर्टावर राग तो दुसरं निम्मं उचलतो, ज्याला सरकारवर राग तो पहिलं. पूर्ण वाक्य कोणाच्याच सोयीचं नाही.

घटनेत शब्द आला तो 'कन्सल्टेशन'. मराठीत विचारविनिमय म्हणू, सल्लामसलत म्हणू. 124 व्या कलमात सर्वोच्च न्यायालयासाठी, 217 व्या कलमात हायकोर्टासाठी. या एका शब्दाचं पुढे काय झालं ती खरी कादंबरी आहे.

पहिला भाग सरकारचा. 24 एप्रिल 1973 ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला: घटना दुरुस्त करा, पण तिच्या मूळ चौकटीला हात लावू नका. निकाल सरकारला झोंबला. दुसऱ्याच दिवशी, 25 एप्रिलला, शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश करण्यात आलं. तिघांनी राजीनामे दिले. मग आणीबाणी. माणूस उचलून तुरुंगात टाकला तर त्याला कोर्टात विचारता येतं का, हा सवाल आला. नऊ हायकोर्टांनी सांगितलं होतं, येतं. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं, येत नाही. तो एक म्हणजे एच. आर. खन्ना. 1977 च्या जानेवारीत सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची होती. त्यांना डावललं, बेग यांना बसवलं. खन्ना राजीनामा देऊन घरी गेले. त्याच आणीबाणीत 1976 साली हायकोर्टांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या एका फटक्यात झाल्या. सरकारच्या हातात भरती आणि बदली दिली की काय होतं ते देशाने बघितलंय. ज्या पोराला वाटतं की कॉलेजियम मोडून सगळं सरकारला देऊन टाकावं, त्याने ही पानं पाठ करावीत.

तरी 30 डिसेंबर 1981 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शब्द आहे तसाच वाचला. विचारविनिमय म्हणजे विचारविनिमय. शेवटचा शब्द सरकारचा.

दुसरा भाग 6 ऑक्टोबर 1993 चा. नऊ न्यायाधीशांचं घटनापीठ. बहुमताने ठरलं की 'विचारविनिमय' या शब्दात सरन्यायाधीशांच्या मताला वरचं स्थान आहे; हे मत त्यांनी दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलून बनवायचं, आणि त्याविरुद्ध नेमणूक करायची नाही. 1998 च्या 28 ऑक्टोबरला राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना दोनाचे चार केले. सरन्यायाधीश अधिक चार, हेच कॉलेजियम. पेपरवाले न्यायवृंद म्हणतात. घटनेत हा शब्द शोधू नका, सापडणार नाही.

मी कवी आहे, म्हणून या निकालाकडे आधी भाषेचा मजकूर म्हणून बघतो. 1949 साली 'संमती' हा शब्द सभागृहात उभा राहिला, बाबासाहेबांनी कारण देऊन त्याला बसवला. 1993 साली तोच शब्द 'विचारविनिमया'च्या अंगरख्यात आत आला. माझ्या कवितेत मी 'भाकर' लिहिलं आणि टीकाकाराने 'मालक' वाचलं तर मी त्याची गचांडी धरीन. इथे कोण कोणाची धरणार? शब्द वाचणारा तोच, निकाल देणारा तोच, आणि त्या वाचनातून अधिकार ज्याच्या पदरात पडतो तोही तोच. याला मी वाईट वाचन म्हणतो. हेतू मात्र नुसता लबाडीचा होता असं मी म्हणणार नाही. 1973 आणि 1976 चे वळ अंगावर होते. मार खाल्लेल्या माणसाने दाराला आतून कडी घातली, एवढं समजतं. पण आतून कडी घातल्यावर बाहेर कोण कोण राहिलं हे आतल्याने बघायला नको?

एकाने बघितलं होतं. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती रत्नवेल पांडियन यांचं वेगळं मत आहे. ते बहुमताच्या बाजूचेच. पण त्यांनी लिहून ठेवलं की न्यायालयं एखाद्या गटाने आपल्यातूनच आपली माणसं भरत राहायची जागा होऊ नयेत. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग आणि स्त्रिया यांना वगळून लोकशाहीत सर्वांचा सहभाग आहे असं म्हणता येत नाही. हे त्या गठ्ठ्यातलं सगळ्यात जिवंत पान. आणि नेमकं तेच पान पुढच्या तीस वर्षांत कोणी उलटून बघितलं नाही. आपणही नाही. आपण पट्टीवर कविता करत होतो.

आता गिरणीकडे या, कारण ही गोष्ट मला तिथेच समजली. मी सूतगिरणीत आहे, आमच्या घरात तिसरी पिढी. आज्या मुंबईच्या गिरणीत होता. तिथे भरती जॉबरच्या हातात असायची. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या नात्यातला माणूस लावायचा. मालकाला वाटायचं काम चाललंय, जॉबरला वाटायचं आपण लोकांचं भलं करतोय. आणि साचेखातं, जिथे पगार जास्त, तिथे महाराला मज्जाव. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो विटाळेल. आपल्याला रिंगखातं. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल लावून धरला: कामगार एक म्हणता, मग विणकामात आमच्या माणसाला का नाही? संपाचे पुढारी लाल झेंड्याचे. त्यांना हा सवाल आडवा आला. पण सवाल खरा होता.

लक्षात घ्या, त्या जॉबरने कुठेही पाटी लावली नव्हती की महारांना प्रवेश नाही. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हात बसलेला माणूस पाहिजे, साच्यावर नवशिका चालत नाही. हात बसणार कधी? साच्याजवळ उभं करशील तेव्हा ना! मेरिट या शब्दाचा गिरणीतला अर्थ हा.

कोर्टातही हेच. खाली, दिवाणी न्यायाधीशाची भरती परीक्षेने होते आणि राज्यांच्या नियमांप्रमाणे आरक्षण असतं. वर, हायकोर्ट आणि सर्वोच्च न्यायालयात, ना परीक्षा, ना जाहिरात, ना अर्ज, ना आरक्षण. वकिलांतून हायकोर्टाचा न्यायाधीश निवडताना त्याची प्रॅक्टिस बघतात, उत्पन्न बघतात, त्याचे छापून आलेले खटले बघतात. आता आपला पोरगा वकील होतो. मोठ्या वकिलाच्या चेंबरमध्ये त्याला कोण घेतं? आडनाव विचारलं जातं. सरकारी वकिलांच्या यादीत नाव घालायला कोण ओळखीचं आहे? त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक म्हंजे आपणच: जामिनाची केस, घर पाडायची नोटीस, फी अर्धी उधार. पंधरा वर्षांनी त्याचं उत्पन्न आणि खटले मोजले तर तो कमीच भरणार. आणि कॉलेजियम खऱ्या मनाने म्हणेल, आम्ही जात बघितली नाही हो. जात त्यांनी बघायची गरजच उरलेली नाही. खालच्या चाळण्यांनी ती आधीच बघून ठेवलेली असते.

आकडे बघा. सरकारने मार्च 2025 मध्ये संसदेत सांगितलं की 2018 पासून हायकोर्टांत 715 न्यायाधीश नेमले गेले. त्यात अनुसूचित जातींचे 22, अनुसूचित जमातींचे 16, इतर मागासवर्गाचे 89, अल्पसंख्याकांचे 37. माहिती त्या त्या माणसाने स्वतः भरून दिलेली. 715 मध्ये 22 म्हणजे शंभरात तीन. देशात अनुसूचित जाती 2011 च्या जनगणनेप्रमाणे शंभरात सोळा-सतरा.

सर्वोच्च न्यायालयात पहिला दलित न्यायाधीश आला 1980 साली, ए. वरदराजन. म्हणजे तीस वर्षं एकही नाही. मग 1985 ला बी. सी. राय, 1989 ला के. रामस्वामी. कॉलेजियम आल्यावर? के. आर. नारायणन राष्ट्रपती असताना त्यांनी फाईलवर शेरा लिहिला की नेमणुका करताना अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रियांचा योग्य विचार व्हावा, लायक माणसं उपलब्ध आहेत. केरळातल्या परव्हान जातीत, गवताच्या छपराखाली जन्मलेला माणूस राष्ट्रपतीच्या खुर्चीवरून एवढंच लिहितो, तर उत्तर आलं मेरिटचं. जॉबरचं उत्तर. पण 2000 साली के. जी. बालकृष्णन सर्वोच्च न्यायालयात आले आणि 2007 ला सरन्यायाधीश झाले. 2010 च्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. त्यानंतर नऊ वर्षं पुन्हा कोणी नाही. 24 मे 2019 ला अमरावतीचे भूषण गवई आले. 24 मे! बाबासाहेबांच्या त्या उत्तराला त्या दिवशी बरोबर सत्तर वर्षं झाली होती.

इथपर्यंत वाचून पहिला पोरगा म्हणेल, बघा, मी म्हणत होतो. थांब राजा. तिसरा भाग राहिलाय.

2014 साली सरकारने 99 वी घटनादुरुस्ती आणली. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग. सहा माणसं: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन 'नामवंत व्यक्ती'. हे नामवंत निवडायचे पंतप्रधान, सरन्यायाधीश आणि लोकसभेतल्या विरोधी पक्षनेत्याने. कोणत्याही दोघांनी नाही म्हटलं की नाव पडलं. आमच्यातले काही जण नाचले, कारण एका नामवंताची जागा राखीव होती. कोणासाठी? अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक किंवा स्त्रिया. सगळ्या देशाचा मोठा हिस्सा एका खुर्चीत कोंबला! एसटीच्या एका सीटवर पाच पॅसेंजर. आणि शेजारी कायदामंत्री. ज्या सरकारविरुद्ध खटले लढायचे त्याचाच माणूस पंच निवडायला. 16 ऑक्टोबर 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी आयोग रद्द केला. वेगळं मत चेलमेश्वर यांचं. कॉलेजियमचा कारभार अंधारात चालतो, हे त्यांनी आतल्या माणसाच्या अधिकाराने लिहिलं.

आयोग पडला म्हणून सरकारचा हात निघाला का? मुळीच नाही. कॉलेजियम नाव पाठवतं, सरकार ते एकदा परत पाठवू शकतं. पुन्हा तेच नाव आलं तर नेमायचं असतं. पण किती दिवसांत, याला पक्का लगाम नाही. फाईलवर बसून राहिलं की झालं. 2018 च्या जानेवारीत के. एम. जोसेफ यांचं नाव गेलं, एप्रिलात परत आलं, ऑगस्टमध्ये नेमणूक झाली. तोवर ज्येष्ठता गेली. मे 2019 मध्ये अकील कुरेशी यांना मध्य प्रदेश हायकोर्टाचं मुख्य न्यायाधीश करावं अशी शिफारस झाली. सरकारने ती अडवली. शेवटी सप्टेंबरात कॉलेजियमनेच शिफारस बदलली आणि मध्य प्रदेशाऐवजी लहानशा त्रिपुराला पाठवलं. असा वाकतो कणा, आवाज न करता. तेव्हा आजची पद्धत म्हंजे काय? आतून कडी लावलेलं दार, आणि मागच्या खिडकीतून सरकारचा हात. आपण दोन्हीकडून बाहेर.

"पण दादा, आपला एक न्यायाधीश वर असला काय नि नसला काय, फरक काय पडतो?" हाही सवाल त्या रविवारी आला. फरक सांगतो. 25 डिसेंबर 1968, तामिळनाडूतलं कीळवेणमणी. मजुरी वाढवून मागितली म्हणून 44 दलित माणसं झोपडीत जाळली. मनुस्मृती जाळल्याचा तोच दिवस. हायकोर्टाने जमीनदार सोडले. कारणांत एक कारण असं की एवढे श्रीमंत, गाडी बाळगणारे लोक स्वतः पायी जाऊन झोपड्या जाळतील हे पटत नाही. बिहारातलं लक्ष्मणपूर बाथे, 1997, 58 माणसं मारली. 2013 च्या ऑक्टोबरात हायकोर्टाने 26 च्या 26 आरोपी सोडले. आपल्या खैरलांजीत 2006 साली एका घरातली चार माणसं मारली. कोर्टाला त्यात खून दिसला, जात दिसली नाही, ॲट्रॉसिटीचं कलम लागलं नाही. हे न्यायाधीश आंधळे नव्हते. पुरावा वाचायला बसलेला माणूस आपल्या आयुष्याच्या उजेडात वाचतो. ज्याने गावकुसाबाहेरून कधी गाव बघितलंच नाही त्याला वाटतं, श्रीमंत माणूस असं कसं करील? बाबासाहेब 'पूर्वग्रह' म्हणाले ते हेच.

आणि 20 मार्च 2018. महाराष्ट्रातल्याच एका सरकारी कॉलेजातल्या दलित कर्मचाऱ्याची तक्रार दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे गेली आणि त्यातून ॲट्रॉसिटी कायद्याचे दातच काढले: आधी चौकशी, आधी परवानगी, मग अटक. 2 एप्रिलला देश बंद झाला, आपली पोरं गोळीने मेली. ऑगस्टात संसदेने कायदा पुन्हा जागेवर आणला, 1 ऑक्टोबर 2019 ला कोर्टाने आपले ते आदेश मागे घेतले. त्या पीठातले एक न्यायमूर्ती ए. के. गोयल. 2015 साली न्यायालयाचं स्वातंत्र्य म्हणून आयोग रद्द करणाऱ्या चौघांतले एक. 6 जुलै 2018 ला ते निवृत्त झाले आणि त्याच दिवशी सरकारने त्यांना राष्ट्रीय हरित लवादाचं अध्यक्षपद दिलं. रंजन गोगोई नोव्हेंबर 2019 ला सरन्यायाधीशपदावरून उतरले, मार्च 2020 ला राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं. कोणी कशाच्या बदल्यात काय दिलं असा आरोप मी करत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण निवृत्तीनंतरची खुर्ची ज्याच्या हातात, त्याचा खटला ज्याच्यापुढे, तिथे स्वातंत्र्य कशावर उभं राहणार?

आणि इथे मला बाबासाहेबांशीच बोलायचंय. घटनासभेत के. टी. शहांनी न्यायाधीशांना निवृत्तीनंतर सरकारी पद देऊ नये असं मांडलं होतं. बाबासाहेबांनी ते मानलं नाही. त्यांचं म्हणणं, न्यायालयापुढचे खटले बहुतेक माणसा-माणसांतले असतात, सरकारचा त्यात फारसा संबंध नसतो, म्हणून सरकार न्यायाधीशाला भुलवण्याचा धोका कमी. 1949 साली तसं असेल. आज कोर्टातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच आहे. ते कारण आता उरलं नाही. हे म्हणताना माझा हात थरथरतो, पण बाबासाहेबांनीच शिकवलंय, तपासून घ्या. फोटोला हार घालणं सोपं, वाक्य तपासणं अवघड.

शेवटी गवईसाहेबांचं. 14 मे ते 23 नोव्हेंबर 2025 ते सरन्यायाधीश होते. पहिले बौद्ध, दुसरे दलित. आमच्या वस्तीत पेढे वाटले, मीही खाल्ले. पण 2024 च्या ऑगस्टात त्यांनीच निकालपत्रात लिहिलं की अनुसूचित जातींतही क्रीमी लेअर शोधावी, तेव्हा त्याच वस्तीत शिव्याही दिल्या. मला त्या निकालावर वाद घालायचाय आणि घालीन. पण एक समजून घ्या. आपला माणूस वर पाठवायचा तो आपल्या हो ला हो करायला नाही. मग आपल्यात आणि सरकारमध्ये फरक काय राहिला? प्रतिनिधित्व आणि स्वातंत्र्य ही दोन भांडणारी मागणं नाहीत. निवृत्तीनंतर कुठलंही सरकारी पद घेणार नाही असंही ते जाहीर सांगून होते. तेही मोजा. आणि 6 ऑक्टोबर 2025 ला भर कोर्टात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट भिरकावला. त्या दिवशी कॉलेजियमच्या निकालाला बत्तीस वर्षं पुरी होत होती. खुर्ची देशातली सगळ्यात उंच. पायताण तरीही पोचलं. एक माणूस वर गेल्याने दार उघडत नाही, हे त्या बुटाने सांगितलं.

मग मागायचं काय? माझ्या अल्पमतीने सांगतो, अभ्यासवर्गात खोडून काढा. भरती उघडी करा: कोणती नावं विचारात होती, का घेतलं, का टाकलं, लिहून जाहीर करा. 2017 साली कॉलेजियमचे ठराव जाहीर व्हायला लागले, 2019 साली सरन्यायाधीशांचं कार्यालय माहितीच्या अधिकाराखाली आहे असा निकालही झाला, तेव्हा आकाश कोसळलं नाही. नेमणारं मंडळ असं पाहिजे की त्यात सरकारचा वरचष्मा नाही आणि न्यायाधीशांचीही भावकी नाही, आणि आपण त्यात एका सीटवर पाचजण नाही. सरकारला फाईलवर बसायला मुदत घाला. निवृत्तीनंतर काही वर्षं सरकारी पद बंद. आणि खालून सुरुवात: आपल्या वकील पोरांना सरकारी वकिलांच्या यादीत वाटा, पहिल्या पाच वर्षांचा पगार, चेंबर. साच्याजवळ उभं केल्याशिवाय हात बसत नाही.

आणि कवींना? गठ्ठ्यातल्या न्यायदेवतेच्या सगळ्या कविता मी परत पाठवतोय, माझी जुनीसुद्धा धरून. राग मानू नका. त्यांत राग खरा आहे, पत्ता चुकीचा आहे. आता त्या वकील पोरावर लिहा ज्याला चेंबरबाहेर आडनाव विचारलं. कीळवेणमणीच्या त्या निकालपत्रातल्या मोटारगाडीवर लिहा. 'विचारविनिमय' या एका शब्दावर लिहा, तो कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेला. पुढच्या अंकाला अजून महिना आहे.

त्या रविवारची दोन्ही पोरं अजून भांडतात. मी दोघांना 24 मे 1949 च्या भाषणाची एकेक प्रत दिलीय. पूर्ण. जयभीम.